पहिल्या खरेदीवर सूट

करंजवाडी नावाच्या गावात एक भोळा राहायचा. तसे भोळे त्या गावात बरेच होते, पण बाकीचे सोयीपुरते भोळे. हा पूर्णवेळ. नाव मुकिंदा.

मुकिंदाला जे सांगाल ते तो करायचा. तेवढंच करायचा. आणि एकदा शिकवलेलं कधी विसरायचा नाही. लोक म्हणायचे, काय गुणाचा माणूस! लोकांचं काय जातंय म्हणायला. त्या गुणाशी संसार सुगंधाला करावा लागत होता.

सुगंधा त्याची बायको. ती हुशार. उन्हाळा लागला की अख्ख्या गावाला शेवया करून द्यायची. खाटेला आवळून बसवलेलं हाताचं यंत्र होतं, त्याचा दांडा फिरवून फिरवून तिचा उजवा खांदा कामातून गेला. यंदा डॉक्टर म्हणाले, "बाई, आता दांडा फिरवायचा नाही. फिरवलात तर हा हात वेणी घालायलासुद्धा वर जाणार नाही." आणि शेवयांवरच तर घराचं वर्ष निघायचं.

उपाय एकच होता. विजेवर चालणारं शेवयांचं मशीन. तालुक्याला नवलाई बाजार म्हणून चार मजली दुकान आहे, तिथे ते अठरा हजाराला होतं. सुगंधाने पै पै करून जमवले होते साडेसोळा. दीड हजार कुठून आणायचे? तेवढ्यात त्या दुकानाचा कागद आला. "आमचं कार्ड घ्या. पहिल्या खरेदीवर दहा टक्के सूट. मुदत अक्षय तृतीयेपर्यंत."

सुगंधाने हिशेब केला. दहा टक्के गेले तर मशीन बसत होतं. पण ती फुकटच्या नावाने हुरळणारी बाई नव्हे.

"अहो," ती म्हणाली, "हे कार्ड घेण्यासारखं आहे का, नुसतं बघून या. मला शेवया टाकून येता येत नाही. आणि एक लक्षात ठेवा. कोणी काही म्हणो, कुठेही सही करायची नाही."

"नाही करत," मुकिंदा म्हणाला.

दुकानाच्या दारात रखवालदार होता. तो म्हणाला, "काका, पिशवी इथे ठेवा, वहीत सही करा, बिल्ला घ्या आणि आत जा."

"सही करणार नाही."

"अहो, पिशवीची सही आहे."

"पिशवीला करू दे."

रखवालदाराने त्याला आत सोडलं नाही. मुकिंदा दारात साडेतीन तास उभा राहिला. येणाऱ्या-जाणाऱ्यांना वाटलं, नवा रखवालदार नेमला. दोघातिघांनी त्याच्याकडेही पिशव्या दिल्या. शेवटच्या गाडीने तो घरी आला.

सुगंधाने कपाळावर हात मारला. "अहो, सही करायची नाही म्हणजे डोळे मिटून करायची नाही! कोणी कागद पुढे केला की आधी विचारायचं. वर्षाला फी किती? तारीख चुकली तर दंड किती? व्याज महिन्याला की वर्षाला? उत्तर मिळाल्याशिवाय हात लावायचा नाही. कळलं?"

"कळलं," मुकिंदा म्हणाला. आणि त्याला खरंच कळलं होतं. तिथेच तर घोटाळा होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी केरबाअण्णा आले. त्यांच्या मुलीचं लग्न ठरलं होतं. अण्णांनी हसतमुखाने पत्रिका पुढे केली. "मुकिंदा, सहकुटुंब यायचं बरं का."

मुकिंदाने हात मागे घेतले. "वर्षाला फी किती?"

"कसली फी?"

"तारीख चुकली तर दंड किती?"

अण्णांचं हसू मावळलं. "माझ्या पोरीच्या लग्नाची तारीख चुकेल म्हणतोस?"

"मी नाही म्हणत. दंड किती ते विचारतो. आणि व्याज महिन्याला की वर्षाला?"

"अरे, शुभकार्याला निघालेल्या माणसाला असं अभद्र बोलतात का रे!" अण्णांनी पत्रिका परत घेतली. रुखवतासाठी दहा किलो शेवया सांगितल्या होत्या, त्याही परत घेतल्या. सुगंधा मागीलदारातून धावत आली तोवर अण्णा कोपऱ्यावरून वळले होते.

सुगंधा रडकुंडीला आली. दहा किलो म्हणजे थोडं काम नव्हे. पण नवऱ्याच्या तोंडाकडे बघून तिला धड रागावताही येईना.

"कोणी आपुलकीने काही द्यायला आलं तर असं नसतं हो विचारायचं," ती म्हणाली. "हात जोडायचे. 'आमचं भाग्य' म्हणायचं. आणि देतील ते घ्यायचं."

"हात जोडायचे, आमचं भाग्य, देतील ते घ्यायचं," मुकिंदाने घोकलं. तीनदा घोकलं.

मग तो पुन्हा तालुक्याला गेला. या वेळी वहीत सही केली. करायच्या आधी रखवालदाराला व्याज विचारलं, पण ते सोडा. आत कार्डांच्या टेबलामागे एक मुलगी बसली होती. फार आपुलकीने बोलणारी. पगारच त्याचा होता तिला.

"या काका! आमचं कार्ड घेणार ना?"

मुकिंदाने हात जोडले. "आमचं भाग्य."

मुलगी चपापली. दिवसभर लोक तिला बघून रस्ता बदलायचे. "कार्डाचा विमा पण करून टाकू?"

"आमचं भाग्य."

"सोनेरी सभासद होणार?"

"आमचं भाग्य."

"बाळांच्या लंगोटांची वर्षभराची योजना आहे. घरात बाळ आहे?"

"नाही."

"मग देऊ?"

"आमचं भाग्य."

त्या मुलीने डोळे पुसले म्हणतात. मुकिंदा घरी आला तो कार्ड, विमा, सोनेरी सभासदत्व, एक छत्री आणि लंगोटांचा पहिला गठ्ठा घेऊन. त्यांच्या धाकट्या मुलीच्या लग्नाला तेव्हा सहा वर्षं झाली होती आणि ती सुरतेला राहत होती.

सुगंधाने आधी दुकानात फोन लावला आणि तासभर भांडून कार्ड सोडून सगळं रद्द करून घेतलं. मग चष्मा लावून कार्डाचे कागद वाचत बसली. बारीक अक्षरासकट. वाचून झाल्यावर तिने नवऱ्याला समोर बसवलं.

"ऐका. पहिलं वर्ष फी नाही, पुढे दर वर्षी पाचशे. उधारी ठेवली तर महिन्याला शंभरावर साडेतीन व्याज. म्हणजे हे कार्ड जन्मभर सांभाळण्यासारखं नाही. पण एकदा वापरून, तिथल्या तिथे सगळे पैसे भरून, बंद करून टाकलं तर आपला फायदा आहे. तेवढ्यापुरतं घ्यायचं."

"तेवढ्यापुरतं," मुकिंदा म्हणाला.

"आणि आता कोणालाही आमचं भाग्य-बिग्य म्हणायचं नाही. कोणी काही दाखवा म्हणालं तर दाखवायचं नाही. लोक आकडे टिपून घेतात. मूठ घट्ट मिटायची आणि 'नाही दाखवणार' म्हणायचं. फक्त पैसे भरायच्या काउंटरवर कार्ड काढायचं."

झालं. साडेसोळा हजार बंडीच्या आतल्या खिशात घालून मुकिंदा एसटीत बसला. तिकीट काढलं. वाटेत तपासनीस चढला.

"तिकीट दाखवा."

मुकिंदाने मूठ घट्ट मिटली. "नाही दाखवणार."

"काढलंय का?"

"काढलंय."

"मग दाखवा की."

"तुम्ही आकडे टिपून घ्याल."

"माझं कामच आहे ते!"

"बघा, कबूल केलं," मुकिंदा शेजारच्या म्हातारीला म्हणाला.

कंडक्टरने शपथेवर सांगितलं, याने तिकीट काढलंय. पण तपासनीसही हट्टाला पेटला. शेवटी मुकिंदाला एका ओढ्याजवळ खाली उतरवलं. भर दुपारी सहा किलोमीटर चालत तो घरी आला. मूठ अजून मिटलेलीच होती. तिकिटाचा पार लगदा झाला होता.

अक्षय तृतीया उद्यावर आली. सुगंधाचा धीर सुटत चालला होता. खांदा ठणकत होता, आणि दारात लोकांच्या पिठाचे डबे येऊन पडत होते. सगळ्यांना तिने सांगून ठेवलं होतं, मशीन येतंय, दोन दिवस थांबा.

"आज आता गाडी नाही," ती म्हणाली. "हातपाय धुवा आणि मला उद्यासाठी पीठ तरी भिजवून द्या. मी शेजारी गरम पाण्याची पिशवी मागून येते."

ती परत आली तेव्हा मुकिंदा पीठ भिजवून बसला होता. सगळं. सातही डबे. त्यात पाटलांच्या नव्या गव्हाचं पीठ होतं, आणि नवा गहू कसा निघेल सांगता येत नाही. एका गव्हाची शेवई हातभर लांब येते, दुसऱ्याची बोटभर येऊन तुटते. सुगंधाने थोडं पीठ यंत्रात घालून पाहिलं. तुटली.

ती मटकन खाली बसली. ओरडायचंही त्राण राहिलं नव्हतं. एकेक शब्द सुटा करून ती म्हणाली, "अहो, नवं काहीही असो, एकदम मोठ्याला हात घालायचा नाही. आधी चिमूटभर घेऊन बघायचं. जमतंय असं दिसलं, की मग मोठा घाणा. एवढं तरी डोक्यात ठेवा."

"नवं काहीही असो," मुकिंदा म्हणाला, "आधी चिमूटभर." त्याला फार वाईट वाटलं होतं. रात्रभर तो झोपेत तेच म्हणत होता.

अक्षय तृतीयेच्या सकाळी सुगंधाने त्याला दारात उभं केलं आणि परीक्षा घेतली.

"वहीत सही?"

"करायची."

"तिकीट?"

"दाखवायचं."

"कार्ड?"

"काउंटरवर काढायचं."

"पैसे?"

"तिथल्या तिथे भरायचे. एक रुपयाही उधार ठेवायचा नाही."

"लंगोट?"

"नको."

सगळी उत्तरं बरोबर. अख्ख्या संसारात पहिल्यांदा. सुगंधाच्या डोळ्यांत पाणी आलं. सूट आजच संपत होती, पण आता काळजी नव्हती. तिने मुकिंदाच्या हातावर दही घातलं आणि त्याला गाडीत बसवून दिलं.

मग ती कामाला लागली. पडवी सारवली. हाताचं यंत्र खाटेवरून सोडून माळ्यावर टाकलं. रांगोळी काढली, पाट मांडला, तबकात हळदकुंकू आणि नारळ ठेवला. नवं मशीन बघायला बाया जमल्या. पाटलीणबाईसुद्धा आल्या, पिठाचा राग विसरून. केरबाअण्णांची बायकोही आली. अण्णांना न सांगता.

तिसऱ्या प्रहरी एसटी आली. मुकिंदा उतरला. चेहरा कसा अगदी उजळलेला. हातात मशीन नव्हतं.

"टेम्पोने येतंय वाटतं," पाटलीणबाई म्हणाल्या.

मुकिंदा ओटीवर चढला. चपला काढल्या. बंडीच्या आतल्या खिशात हात घातला आणि पाटावर, रांगोळीच्या बरोबर मधोमध, एक काडेपेटी ठेवली.

बाया माना पुढे काढून बघू लागल्या.

"अहो," सुगंधाने विचारलं, "मशीन कुठाय?"

"सांगतो. सगळं तू सांगितलंस तसंच केलं. सही केली. तिकीट दाखवलं. मशीन काउंटरवर आणून ठेवलं त्यांनी. मी कार्ड काढलं, आणि तेवढ्यात मला आठवलं, कार्ड तर नवं आहे!"

सुगंधाचा हात आपोआप दुखऱ्या खांद्यावर गेला. "मग?"

"नवं काहीही असो, एकदम मोठ्याला हात घालायचा नाही. तिथेच काडेपेट्या होत्या. म्हटलं, आधी ही द्या. दोन रुपयांची. अगं, काय चालतंय कार्ड! काउंटरवरची पोरगी म्हणाली, काका, अभिनंदन, पहिल्या खरेदीवर दहा टक्के सूट. दोन रुपयांत वीस पैसे सुटले!"

"आणि मशीन?" सुगंधाने विचारलं.

"मशीनचे म्हणे आता अठरा हजार पूर्ण. कमी पडतात ते कार्डावर उधार ठेवा म्हणाली. मी बरा ठेवीन! एक रुपयाही उधार ठेवायचा नाही. म्हटलं, राहू दे मशीन."

कोणीतरी तोंडाला पदर लावला. सुगंधा पाटासमोर बसली. तिला रडू येत होतं आणि हसूही येत होतं, आणि दोन्ही एकदम आल्यामुळे एकही धड बाहेर पडत नव्हतं. मुकिंदाला वाटलं, हिला आनंद झालाय. त्याने तबकातलं कुंकू घेऊन काडेपेटीला लावलं.

"कार्ड घेण्यासारखं आहे का, ते बघून या म्हणाली होतीस ना?" तो म्हणाला. "आता अगदी खात्री झाली. घेण्यासारखं आहे. पुढल्या खेपेला बिनधास्त मशीन घेऊ."