साळुंकी कायदे पाहून आली

फार जुनी गोष्ट. पुरात वाहत आलेलं बदकिणीचं अंडं पाणकोंबडीनं उबवलं. पिल्लू पोहायला लागलं, तेव्हा बदकीण ते मागायला आली. न्याय साळुंकीनं करायचा होता. इतरांचे कायदे पाहावेत म्हणून ती दूरच्या तळ्यांवर गेली. एका तळ्यावर पिल्लू अंडं घालणारीचं ठरत होतं, दुसऱ्यावर उबवणारीचं. दोन्हीकडची कारणं तिला पटली आणि ती पुरती गोंधळून परतली.

"निकाल काय लागला, साळुंकीताई?" बदकिणीनं विचारलं.

"मलाच कळेना गं," साळुंकी म्हणाली. पिल्लाला विचारावं, असं कुठल्याच तळ्यावर कुणाला सुचलं नव्हतं. तिनं विचारलं, "बाळा, तुला कोण हवंय?"

"मला भूक लागलीय."

दोघी आया एकदमच पाण्याकडे धावल्या, आणि साळुंकी पुन्हा गोंधळात पडली.