चांदण्या आणि फुल्या

हे कुणाला सांगू नकोस, असं सेडदादाने मला, शेजारच्या पोरीला, बजावलं होतं, पण मला राहवत नाही.

शाळेचा कॉम्प्युटर पेटीएवढा होता तेव्हाची गोष्ट. त्याच्या काळ्या पडद्यामागे सेड आणि टीआर हे दोन छोटे प्रोग्राम, भाऊ आणि बहीण, राहत. हुकूम टाइप झाला, की फाइलमधली चिन्हं बदलून देणं हे त्यांचं काम. एकदा स्नेहसंमेलनाचं नाटक आलं. राजाच्या वाक्यांपुढे चांदणी हवी होती आणि विदूषकाच्या पुढे फुली, पण झालं होतं नेमकं उलटं. तालीम तर तासाभरावर आलेली.

"दादा, मी करू का?" टीआरने विचारलं.

"तू लिंबूटिंबू! नुसती बघ." सेडने आधी सगळ्या चांदण्यांच्या फुल्या केल्या, मग सगळ्या फुल्यांच्या चांदण्या. आणि त्याला घामच फुटला. जिकडेतिकडे चांदण्याच! नाटकात सगळेच राजे, हसवायला कोणी नाही. मूळची फुली कुठली, हे त्यालाही ओळखता येईना.

"टीआरे, माझी अब्रू गेली गं!"

"रडू नकोस. फाइलची नक्कल मी आधीच काढून ठेवली होती. अरे, दोघांनी जागा बदलायच्या तर दोघांना एकदमच उठवावं लागतं. नाहीतर एक दुसऱ्याच्या मांडीवर बसतो."

तिने नक्कल एका दमात वाचत नेली. चांदणी दिसली की फुली, फुली दिसली की चांदणी.

तालीम वेळेवर झाली. तेव्हापासून सेड कामाआधी नक्कल काढतो, बहिणीला विचारतोसुद्धा. फक्त कोणी ऐकत असलं की छाती काढून म्हणतो, हे तर मला आधीपासूनच ठाऊक होतं... थांबा, माझी आई हाक मारतेय. आले गं आई, आले!