वस्तादांनी बॅटरीवर पेढे ठेवले

“...पण का म्हणून न्हाई बसणार? गाडीला काय शिंगं फुटल्यात काय?”

मी वस्तादांवर ओरडलो. त्यांनी नुसते रुमालानं हात पुसले.

दस्तगीर वस्ताद म्हणजे आमच्या उद्यमनगरातल्या गॅरेजचे मालक. तरुणपणी तालमीत होते. त्यामुळं वजन अजून क्विंटलभर, आणि बोलणं छटाकभर. त्यांच्या गॅरेजात कायदा एकच. इथं बांधलेली गाडी, वस्ताद शेजारी बसून आवारात एक फेरी मारल्याशिवाय, गेटाबाहेर न्यायची न्हाई.

आणि मला न्यायची होती आजच. आई घरी नवी साडी नेसून, गजरा माळून तयार. त्र्यंबोलीच्या टेकडीवर पहिली फेरी तिची, शेजारच्या सीटवर. सगळ्या गल्लीला सांगून बसलेली, “पोरगं शाळेत न्हाई चाललं, पर त्याची गाडी चालली.”

वर्षभर घासलो राव. भंगारातलं इंजिन, हातानं ठोकलेला पत्रा, वर लालभडक रंग. अशी खाली बसलेली स्पोर्ट कार, की कुत्रं बी वाकून आत बघतंय. आणि हा म्हातारा सीट उचलून खाली एक नजर टाकतो आणि म्हणतो, “मी न्हाई बसत.”

“बॅटरी हितं सीटखाली का बसवलीस, धैर्या?”

“मग कुठं बसवू? पुढं नाक चपटं, मावत न्हाई. मागं इंजिन. ह्या सीटच्या पाठीला पेट्रोलची टाकी. मधी बसवली की वजन बरोबर पडतंय, वळणावर गाडी उचलत न्हाई. पट्टीनं आवळलीया, हलत बी न्हाई. आणि काय पाहिजे?”

“सीट लई खाली हाय.”

“स्पोर्ट कार हाय ती! बैलगाडी न्हवं.”

“बॅटरीच्या टर्मिनलवरच्या रबरी टोप्या?”

“काढल्या. सीटला लागत होत्या.”

वस्तादांनी गाडीकडं बघितलं... मग माझ्याकडं... मग परत गाडीकडं.

ह्याचाच मला राग येतो. बोला की काय ते! शाळेत मास्तर बोलून मारायचे, हे न बोलता मारत्यात.

“आठवडाभर आवारात गोल गोल पळवलीया, वस्ताद. तुमच्या डोळ्यांसमोर! ठिणगी न्हाई, वास न्हाई, काय न्हाई.”

“शेजारी कोण होतं?”

“कोण असणार? रिकामीच होती सीट.”

“हं...”

“हं काय हं?”

“भंगारातनं एक मेल्याली बॅटरी आण. ह्याच मापाची.”

आणली. आपटली त्यांच्या पायापाशी. त्यांनी माझी जिवंत बॅटरी सोडून बाजूला ठेवली, तिच्या जागी मेलेली बसवली, पट्टी आवळली.

“पेढे कुठायत?”

गाडीच्या पूजेला आईनं दिलेला खोका होता. मी पुढं केला. म्हटलं, खा बाबा, खा आणि बस एकदाचा.

त्यांनी दोन पेढे उचलले. एक ह्या टर्मिनलवर ठेवला, एक त्या टर्मिनलवर.

“आता बॅटरीला निवद दाखवालाय व्हय? कंदी पेढे हायत ते! आईनं साताऱ्यासनं मागवल्यात!”

वस्तादांनी सीट जागेवर ठेवली. आणि बसले. अख्खा क्विंटल.

सीट कण्हली.

डोळे मिटून, हात मांडीवर ठेवून निवांत बसले. जणू त्र्यंबोलीला पोचलेच.

“मगाशी बसत नव्हता. आता कसं काय बसलासा?”

“ही मेल्याली हाय.”

“उचल सीट,” ते उठून म्हणाले.

उचलली.

पेढ्यांचे पापड झालेले. मधनं दोन्ही टर्मिनलांची डोकी बाहेर आलेली, चकचकीत. सीट उलटी केली. खालच्या स्प्रिंगांना खवा चिकटलेला. दोन ठिकाणी. आणि दोन्ही ठिकाणं एकाच आडव्या तारेवर.

एकाच तारेवर.

एक लोखंडी पाना दोन्ही टर्मिनलवर आडवा पडला तर काय होतं, ते मला शिकवायला नको. माझ्या अंगठ्यावर त्या ठिणगीचा डाग अजून हाय. पाना निदान झटकन फेकून देता येतो. सीटवर बसलेल्या माणसाला कुठं फेकणार? आणि पाठीला टाकी...

पण म्हणून गप्प बसू?

“तुमचं वजन बघा की! तुम्ही बसल्यावर बुलडोझरची सीट बी दबंल. माझी आई तुमच्या निम्मी न्हाई!”

“व्हय.”

“मग?”

“टेकडीच्या रस्त्याला खड्डं किती हायत?”

पत्र्याला एक लाथ घातली मी. माझ्याच गाडीच्या, माझ्याच हातानं ठोकलेल्या पत्र्याला. पोचा आला. त्याचा बी राग आला.

तेवढ्यात फोन वाजला. आई.

“आलास काय रं? गजरा सुकालाय. शेजारच्या काकू गॅलरीत येऊन उभ्या हायत.”

“थांब गं जरा!” मी खेकसलो आणि फोन तसाच हातात धरून वस्तादांकडं वळलो.

“आता सांगा! पुढं मावत न्हाई, मागं जागा न्हाई, मधी तुम्ही ठेवू देत न्हाई. गाडी कापू का माझी? त्या नाकासाठी तीन महिनं घालवल्यात मी. बॅटरी ठेवायची कुठं?”

वस्तादांनी रुमालानं टर्मिनलवरचा खवा पुसला. सावकाश. एक पुसला... मग दुसरा.

“आईला इचार.”

डोकंच फिरलं माझं.

“आईला? तिला काय कळतंय बॅटरीतलं!”

“म्हणून तर. तीच बसणार हाय, डोळं झाकून.”