आठवी जागा

ढगांच्याही वर वसलेल्या एका गावात एक सरकारी हायस्कूल होतं. रोज सकाळी दरीतलं धुकं पायऱ्या चढून मैदानात यायचं आणि मुलांच्या शेजारी बसून राहायचं. त्या मैदानावर मुली खो-खो खेळायच्या. धुक्यात त्यांचे पाय दिसत नसत. वाटे, वेण्याच तेवढ्या हवेत पोहताहेत.

गावात वडीलधारी मंडळी पुष्कळ होती आणि त्यांना प्रत्येक गोष्टीत मान लागे. जत्रेत आठ घरांनी ज्या क्रमाने नारळ फोडायचे, त्याच क्रमाने त्या घरांच्या मुली डावाच्या सुरुवातीला आठ चौकोनांत बसायच्या. खोसुद्धा मानानेच द्यायचा. आठवं घर मेंढपाळाचं. त्याची सगुणा शेवटच्या खांबाजवळ बसे. आठजणी लागतात म्हणून बसे. तिला खो कधीच मिळत नसे.

"बसून बसून तुझं वारूळ होईल गं," मुली चिडवायच्या.

"मग पाय जपा," सगुणा म्हणायची. "वारुळात काय असतं, ठाऊक आहे ना?"

एका वर्षी अंतिम सामना याच मैदानावर, सकाळच्या धुक्यात ठरला. म्हाताऱ्यांनी बजावलं, "हरलात तर मुलींचा संघ बंद. घरी बसून शिवण शिका."

पलीकडच्या गावच्या मुली हुशार. मैदानाच्या एका टोकाला कुणी खो देतच नाही, हे त्यांनी पहिल्याच डावात हेरलं. शेवटच्या डावात त्यांची एकच मुलगी उरली. ती बाद झाली तर सामना जिंकला, नाहीतर सगळं संपलं. ती मात्र सगुणाच्या अवतीभवती निवांत भिरभिरत राहिली.

अर्धं मिनिट उरलं. सगुणाच्या संघाची कप्तान वेणू त्या मुलीमागे धावत होती. हात लागणार एवढ्यात ती मधल्या पट्टीच्या पलीकडे निसटली. वेणूला नियमाने पट्टी ओलांडता येईना. आणि पलीकडे तोंड करून जवळ बसलेली एकटी सगुणाच होती.

व्यासपीठावरून वेणूचे आजोबा, गावचे सरपंच, ओरडले, "वेणू, मागं फिर! पाटलांच्या पोरीला खो दे! मान तिचा आहे!"

"आबा, खो-खोत मागं फिरलं की फाउल होतो!" वेणू धावता धावताच ओरडली आणि तिने सगुणाच्या पाठीवर थाप मारली. "खो!"

सगुणा उठली. एवढी वर्षं बसून तिने सगळ्यांचं पळणं पाहिलं होतं. कोण कुठे वळतं, ते तिला पाठ होतं. दोघी धुक्यात शिरल्या. क्षणभर मैदानावर काहीच उरलं नाही. मग शिट्टी वाजली.

"बाद!"

"आमच्याच घरची पोर!" मानाच्या सात घरांचे सात आजोबा एकदम उठून म्हणाले. धुकं विरलं. समोर सगुणा धापा टाकत, हसत उभी होती. सातही आजोबा खाली बसले.

थोड्या वेळाने सरपंच खाकरले. "बरं, पुढच्या वर्षी हिला पहिली जागा द्या."

"आबा," वेणू म्हणाली, "पहिली जागा कुठली, तेवढं दाखवता का?"

आबा काठी टेकत मैदानात उतरले. या खांबाकडून मोजलं, त्या खांबाकडून मोजलं. पहिली आठवी झाली, आठवी पहिली झाली. काठी हातात धरून ते मधोमध उभेच राहिले.

तात्पर्य: काम जिच्याजवळ येऊन ठेपलं आहे, तिला उठू द्यावं, तिच्या घराचा मान कितवा, हे मोजत बसू नये. वडीलधाऱ्यांनी तर मुळीच नाही.