वहाणांची तोंडं

“बाबा, मी नेमका कोणाचा माणूस?”

नूरबाबा चुलीपुढे भाकरी भाजत होते. गडाखाली, नदीकाठी या फकिराचा तकिया, म्हणजे राहती झोपडी. येणारा-जाणारा तिथे दोन घास खाऊन पुढे जाई.

“गडावरचे काय म्हणतात?”

“हेरखात्यातला सगळ्यात भरवशाचा माणूस.”

“आणि नदीपलीकडचे?”

सिदोजी चपापला. पण आज तो सगळं सांगायलाच आला होता.

“पलीकडच्या राजानंच मला या खात्यात पेरलंय. गडाची प्रत्येक खबर मी तिकडे पोचवतो. आता हुकूम आलाय, उद्या चोरदरवाजा उघड म्हणून…”

बाबांनी भाकरी उलटली.

“दरवाजा उघडला तर गडावरची माणसं मरतील. त्यांच्यातच राहिलोय-जेवलोय मी, बाबा. आणि किल्लेदाराला सांगून टाकलं, तर मी मरेन.”

“हं.” बाबांना जराही नवल वाटलेलं दिसलं नाही.

“पण तुम्हाला… आधीच ठाऊक होतं?”

“पहिल्या दिवसापासून. लोक इथं वहाणा कशाही काढून टाकतात. तू मात्र नीट, तोंडं रस्त्याकडे करून ठेवायचास. उठलं, पाय घातला, पळालं!”

दोन राज्यांना झुलवणारा हा एवढा बेरकी हेर, आणि त्याला ओळखलं कोणी, तर भाकरी भाजणाऱ्या फकिरानं.

“मग गडावर सांगितलं का नाहीत?”

“मला कोणी विचारलं नाही.”

“आणि तरी जेवू घालत राहिलात?”

“भूक तरी खरी होती ना?”

सिदोजीला रडू आवरेना. त्यानं बाबांच्या पायांवर डोकं ठेवलं.

“बायकोला मी अर्धाच ठाऊक. राजालाही अर्धाच. अख्खा मी फक्त तुमच्याकडे जेवलो, बाबा. हे उपकार…”

बाबांनी त्याच्या पाठीवरून हात फिरवला.

“आता तुम्हीच सांगा. नदी ओलांडून पळू, की वर जाऊन सगळं कबूल करू?”

बाबांनी हातातल्या चिमट्यानं नुसतं उंबऱ्याकडे दाखवलं.

सिदोजीची एक वहाण उलटी पडली होती, दुसरी तिरकी. दोन्हींची तोंडं चुलीकडे होती.

सिदोजीनं त्या वहाणांकडे पाहिलं. मग त्यानं डोळे पुसले.

“वर जातो, बाबा. परत यायला मिळेल, न मिळेल…”

बाबांनी गरम भाकरी त्याच्या हातावर ठेवली.

“इतकी वर्षं नुसता येऊन जायचास, बेटा. आज आलास.”