तोफ आणि डबी

पक्ष्यांचे फोटो काढणारी सुनंदा वाघचौरे तीन दिवस तळ्याकाठी ठाण मांडून होती. मोठ्या कॅमेऱ्याची लांबलचक लेन्स तिने कमळपक्ष्याच्या अंड्यांवर रोखली होती. पिल्लं कधीही बाहेर येणार होती. तेवढ्यात आमदार रायभान शेळके गावकऱ्यांना घेऊन तळं पाहायला आले.

“बाई, आमचा एक फोटो होऊन जाऊ द्या.”

सुनंदाने खिशातला छोटा डिजिटल कॅमेरा काढला. आमदारांच्या कपाळाला आठ्या पडल्या.

“एवढी तोफ असताना आम्हाला ही डबी? तोफ फिरवा इकडे. इथे बसायची परवानगी आम्हीच दिलीय.”

परवानगी गेली तर तीन दिवसांची मेहनत वाया जाणार होती. पण मोठा कॅमेरा हलवायचा नाही, हे सुनंदाने पक्कं ठरवलं होतं.

“साहेब,” ती शांतपणे म्हणाली, “या तोफेत एकच माणूस मावतो, तोही सगळ्यांना सोडून शंभर पावलं लांब एकटा उभा राहिला तर. गावासोबत दिसायचं असेल, तर ही डबीच लागते.”

मागे कोणीतरी खुदकन हसलं. निवडणूक दोन महिन्यांवर होती. आमदारांनी शेजारच्या म्हाताऱ्याच्या खांद्यावर हात टाकला.

“डबीच घ्या,” ते म्हणाले.

सुनंदाने फोटो टिपला आणि पुन्हा तोफेला डोळा लावला. पहिल्या अंड्याला तडा जात होता.