खाडीतली तहान

खाडीला अजून बांध घातला नव्हता, तेव्हाची ही गोष्ट. चैत्रात तळं आटलं आणि शेवंती बेडकी पाण्याच्या शोधात खाडीकाठी आली. नागू खेकड्याने तिला आपुलकीने हाक मारली. "उन्हात कशाला करपता, बाई? एवढं पाणी आहे. या, बसा खुशाल."

शेवंती उतरली. बेडूक तोंडाने पाणी पीत नाही, कातडीने पितो. पण इथे तिची कातडी आवळू लागली. खारं पाणी उलट तिच्याच अंगातलं पाणी ओढून घेत होतं.

"भाऊ, मला बाहेर काढा. तहानेने जीव चाललाय."

"गळ्यापर्यंत पाण्यात बसून तहान?" नागू हसला. "मी जन्मभर इथेच आहे, मला कुठे काय होतंय? होईल सवय." ती काठावर चढू लागली की तो तिला मायेने पुन्हा आत ढकलायचा.

ओहोटी लागली तेव्हा ती सुकून चिखलाला चिकटली होती. शेजारचे खेकडे जमले. नागू हळहळत सांगत होता, "घर दिलं, पाणी दिलं. पण काहींना सुख मानवतच नाही हो."

शेवंतीला सगळं ऐकू येत होतं. उत्तर द्यायला तिच्या तोंडात ओल उरली नव्हती.